घरगाडीची पत्रिका

आमच्या घरातील बहुतेक लग्ने जुळली ती देवासच्या टेकडीच्या साक्षीने आणि धारच्या मेहुण्यांच्या मध्यस्थीने. गेल्या वर्षी जे स्थळ जुळवायचे होते ते मात्र जरा निराळे होते. एका बाजूस दुहेरी केबिनची, वापरलेली पण धडधाकट पिकअप आणि दुसऱ्या बाजूस दोन चाकांवर उभी केलेली दहा फुटी खोली. या दोघांची पत्रिका आम्ही मेहुण्यांस न विचारताच पाहिली, घाईने पाहिली आणि छत्तीस गुण जुळले असे ठरवून मोकळे झालो. वास्तविक देवासच्या माणसाने तरी असल्या बाबतीत घाई करू नये. एका गावाला थोरल्या आणि धाकट्या पातीचे दोन राजे १९४८ पर्यंत जुंपलेले होते. जोडी म्हणजे काय असते हे आमच्या पूर्वजांनी रोज पाहिलेले आहे. पण पूर्वजांचे शहाणपण वारशात मिळत नाही, जमीन मिळते तेवढीच.

या उद्योगाचे कारण आमची आई. तिचे वय ८३. पाठीच्या मणक्यांनी असहकार पुकारल्याला तीन वर्षे झाली. चाळीस मिनिटांच्या वर बसवत नाही, मग अर्धा तास आडवे व्हावेच लागते. धाकट्या नातवाच्या मोठ्या दुखण्यात तिने तुळजापूरच्या देवीस ओटी बोलली होती. नातू बरा झाला, कॉलेजात गेला, ओटी राहिली. आमच्या टेकडीवरची थोरली माता म्हणजे तुळजाभवानीच. आमच्या गच्चीवरून टेकडी दिसते आणि आईचा सकाळचा नमस्कार तेथूनच होतो. "इथली ती तीच ना?" असे आम्ही एकदा म्हणून पाहिले. आई म्हणाली, "लेक सासरी भेटली म्हणून माहेर चुकतं होय?" रेल्वेचा विचार झाला, पण गाडी बदलणे, जिने, फलाट हे तिला झेपणारे नव्हते. रुग्णवाहिकेचे नाव काढताच ती चिडली. देवीच्या दारी आजाऱ्याच्या गाडीतून उतरायचे नाही, हा तिचा निर्धार.

नकाशा पाहताना एक गंमत लक्षात आली. देवासहून निघणारा ५२ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग इंदूर, सेंधवा, धुळे, छत्रपती संभाजीनगर, बीड, धाराशिव करीत थेट तुळजापुरास जातो. सुमारे ७०० किलोमीटर, पण रस्ता एकच. टेकडीवरची देवी आणि बालाघाटातली देवी एकाच रस्त्याच्या दोन टोकांस आहेत, हे आईला सांगितले तेव्हा तिने ते आमच्याआधीच ठरलेले असल्यासारखे ऐकून घेतले.

तेव्हा ठरले असे की चाकांवरची एक खोली करावी. तीत पलंग, धुण्याची मोरी, छोटी शेगडी आणि शौचाची सोय. परदेशात असल्या घरगाड्यांतून कुटुंबेच्या कुटुंबे हिंडतात हे आमच्या चिरंजीवांनी चित्रे दाखवून पटविले. येथे पहिला धक्का बसला. ट्रेलर हेही मोटार वाहन कायद्याने वाहनच, त्याची नोंदणी निराळी करावी लागते. त्यासाठी आम्ही चौकशीस गेलो असता तेथील एका जाणत्या गृहस्थांनी विचारले, "चालत्या गाडीत आत कोण बसणार?" आम्ही अभिमानाने आईचे नाव सांगितले. ते म्हणाले, "कुणीही नाही. मागच्या गाडीत चालताना माणूस बसवायचा नाही." त्यांचे म्हणणे खरे होते. ओढल्या जाणाऱ्या खोलीत आतल्या माणसाची हाक पुढे पोहोचत नाही, आणि जोड सुटली तर चालवणारा पुढे आणि माणूस मागे. म्हणजे खोली थांब्यापुरती. रस्त्यावर आई पिकअपच्या मागच्या बाकावर, दर चाळीस मिनिटांनी मुक्काम. त्यासाठीच दुहेरी केबिनची पिकअप पाहिली.

आता आमच्या चुकांची यादी देणे भाग आहे. पहिली चूक शब्दांची. पिकअप "एक टन उचलते" असे विकणाऱ्याने सांगितले आणि आमची खोली तर टनाच्या आतच होती. पण उचलणे निराळे, ओढणे निराळे. पाठीवर पोते घेणारा हमाल आणि गाडा ओढणारा बैल यांचा हिशेब एक नसतो. गाडी किती ओढू शकते, ओझ्यासह दोन्ही गाड्या मिळून जास्तीत जास्त किती वजन चालेल, हे आकडे वेगळे असतात आणि ते गाडीबरोबरच्या पुस्तिकेत किंवा कंपनीकडून लेखी घ्यावे लागतात. आम्ही ते लग्नानंतर पाहिले. नशिबाने गुण जुळले, पण ते नशीबच.

दुसरी चूक अधिक लाजिरवाणी आहे. खोली अंगणात आली त्या दिवशी आमचा म्हातारा हाळी सोनकच्छकडच्या शेतावरून आला होता. त्याने खोलीभोवती एक फेरी मारली, पुढचा दांडा एका हाताने सहज वर उचलला आणि म्हणाला, "गाडी उलार हे, दादा." आम्ही हसलो. आपल्या मराठीत ज्याला उलाळ म्हणतात तेच हे. बैलगाडीत मागे ओझे जास्त झाले की धुरा वर उठतो आणि जू बैलाच्या गळ्याला लागते. पुढे जास्त झाले की सारा भार खांद्यावर येतो, त्याला इकडे दबाऊ म्हणतात. चढावर गाडीवान पुढे सरकून धुरेवर का बसतो, हे आम्ही लहानपणापासून पाहत आलो. १९८० च्या सिंहस्थात वडिलांनी सर्वांना ट्रॉलीत घालून उज्जयिनीस नेले, तेव्हा पोती पुढे सारा म्हणून ओरडणारा हाच हाळी होता. (ट्रॉलीतून माणसे नेणे तेव्हाही बरोबर नव्हते, हे येथे कबूल करतो.) पण वेल्डिंग केलेल्या, रंग दिलेल्या, पडदे लावलेल्या खोलीला बैलगाडीची विद्या लागू पडेल असे आम्हांस वाटले नाही.

नवरात्रात ताईकडे धारला जावे आणि त्यातच गाडीची परीक्षा व्हावी असा बेत केला. इंदूर मागे पडले, बेटमा गेले. उतारावर वेग सत्तरच्या घरात होता. एक बस भर्रकन पुढे गेली आणि तिच्या वाऱ्याने आमची खोली डुलू लागली. प्रथम थोडी, मग हत्तीने सोंड हलवावी तशी. पिकअपचे मागचे अंगही तिच्याबरोबर हलू लागले. चिरंजीवांनी घाबरून ब्रेक दाबला तेव्हा ते अधिकच वाढले. मग त्यांना काय सुचले कोण जाणे, पाय काढून घेतला, चाक सरळ धरले आणि गाडी आपोआप मंदावली. मागच्या बाकावर आई डोळे मिटून पडली होती. तिने विचारले, "मागून कोण ढकलतंय रे?" आम्ही उत्तर दिले नाही.

घाटाबिल्लोदजवळ एका गतिरोधकावर दुसरा अंक झाला. वेग अगदी थोडा होता. चाके चढून उतरली आणि खाडकन आवाज झाला. मागे पाहतो तो दांडा जमिनीवर, ठिणग्या उडताहेत, आणि खोली दोन साखळ्यांना लोंबकळत आमच्या मागून फरफटत येते आहे. त्या साखळ्या नसत्या तर रस्त्याच्या उजवीकडून येणाऱ्या मोटारसायकलवर ती खोली गेली असती. त्या गाडीवर नवरा, बायको आणि पुढे टाकीवर एक मूल होते. ते थांबले, त्यांनीच आम्हांस पाणी दिले. त्या मुलाचा चेहरा आम्ही विसरलो नाही.

तेथून मेहुण्यांस फोन केला. मेहुणे पीथमपूरच्या एका कारखान्यात तीस वर्षे यंत्रशाळेत होते. ते आले ते व्हर्नियर घेऊनच. रागावले नाहीत, हेच अधिक लागले. पिकअपच्या मागचा लोखंडी बॉल त्यांनी मापला, ४७.६ मिलिमीटर, म्हणजे जुन्या मापाने पावणेदोन इंचांच्या वर एक सूत. दांड्याची वाटी मापली तर ती दोन इंची बॉलची, ५०.८ ची. बॉल एका दुकानातून आलेला, वाटी दुसऱ्याकडून, आणि बसविणाऱ्याने दोन्ही एकात एक गेले म्हणून हात झटकलेले. आम्हीही तेच केले होते. बाजारात आणखी एक ५० मिलिमीटरचा बॉल मिळतो आणि तो दोन इंचीसारखाच दिसतो. आठ दशांश मिलिमीटर डोळ्याला दिसत नाहीत. म्हणून माप बॉलवर आणि वाटीवर कोरलेले वाचावे, कोरलेले नसेल तर मापावे. साखळ्यांबद्दलही त्यांनी एक दोष काढला. त्या सरळ लावल्या होत्या. एकमेकींवरून तिरप्या नेल्या असत्या तर सुटलेला दांडा त्यांच्या झोळीत पडला असता, रस्त्यावर नव्हे.

दुसऱ्या दिवशी धारच्या वजनकाट्यावर वरात गेली. पाण्यासह, भांड्यांसह खोली भरली ८४० किलो. दांड्याचे वजन एवढ्या मोठ्या काट्यावर नीट कळत नाही म्हणून ते एका धान्याच्या व्यापाऱ्याच्या काट्यावर घेतले. ३० किलो. मेहुणे म्हणाले, "शंभराला दहा ते पंधरा हवेत. तुमचे चारसुद्धा नाहीत." हाळीने एका हाताने जे सांगितले होते ते आम्हांस काट्याने सांगितले. दांडा हलका म्हणून शेपूट डुलते, आणि हलका म्हणूनच आचका बसताच वर उडतो. दोष पाण्याच्या टाकीचा होता. १०० लिटरची टाकी आम्ही मोरीजवळ म्हणून चाकांच्या मागे साडेतीन फुटांवर बसविली होती. ती चाकांच्या पुढे तीन फुटांवर आणली. बॉलपासून चाकांच्या आसापर्यंत अंतर दहा फूट. टाकी साडेसहा फूट पुढे आली म्हणजे १०० किलोंपैकी ६५ किलोंचा भार दांड्यावर वाढला. ३० चे ९५ झाले. शाळेतल्या तरफेच्या गणिताचा आमच्या आयुष्यात झालेला हा पहिला उपयोग. मात्र हे ९५ किलो पिकअपने "उचलायचे" असतात, तेव्हा माणसे आणि सामान यांच्या वजनात ते मिळवायचे. ते विसरले तर मागचे अंग बसते, पुढची चाके हलकी होतात आणि रात्री दिवे झाडांच्या शेंड्यांवर पडतात.

दुरुस्ती चालू असताना ताई आईला घेऊन देवीसागरावर कालिकेच्या दर्शनास गेली आणि मेहुणे आम्हांस लाट मशिदीकडे घेऊन गेले. धारची लोखंडी लाट तेथे तीन तुकड्यांत पडलेली आहे. सुमारे सात टन लोखंड. गुजरातच्या बहादुरशहाला ती आपल्याकडे न्यायची होती, पण खाली उतरवताना नीट काळजी घेतली नाही आणि ती पडून मोडली, असे जहांगीराने आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. मेहुणे काही बोलले नाहीत. तुकड्यांकडे आणि मग आमच्याकडे पाहिले, एवढेच. परतताना मात्र म्हणाले, "पीथमपूरला ११.३ किलोमीटरचा वेगचाचणीचा मार्ग २०२१ मध्ये सुरू झाला. मोठमोठ्या कंपन्या गाड्या तिथे आणतात. तुम्ही आईला बसवून हमरस्त्यावर चाचणी घेता."

ब्रेकवरून थोडा वाद झाला. आमचे म्हणणे, पिकअपचे ब्रेक पुरे. त्यांचे म्हणणे, युरोपात ७५० किलोंहून जड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत आणि तुम्ही तर गणपती घाट उतरणार. शेवटी दांडा मागे रेटला गेला की आपोआप लागणारे ब्रेक बसविले. बॉल बदलला, वाटी बदलली, बॉलची उंची अशी केली की खोली सपाट उभी राहील, नाक किंचित खाली. या साऱ्याला अकरा दिवस लागले आणि पडद्यांपेक्षा किती तरी जास्त खर्च आला.

मार्गशीर्षात निघालो. मानपूर सोडले की माळवा संपतो आणि रस्ता नर्मदेकडे कोसळतो. धार जिल्ह्यातला हा घाट ब्रेक निकामी झालेल्या मालमोटारींच्या अपघातांनी कुप्रसिद्ध आहे. चिरंजीवांनी माथ्यावरच दुसरा गिअर टाकला आणि खालपर्यंत बदलला नाही. मागून भोंगे वाजत होते, ते वाजू दिले. खलघाटला नर्मदा ओलांडल्यावर पहिला मोठा मुक्काम केला. खोलीचे चारही पाय टेकवले, चाकांना दगड लावले, आई आत जाऊन पलंगावर आडवी झाली आणि खिडकीतून तिला नर्मदेचे पाणी दिसत होते. चहा होईपर्यंत ती झोपली होती. सेंधव्यापुढे बिजासनीच्या घाटात पुन्हा तसेच. आई प्रत्येक थांब्यावर आडवी होण्यापूर्वी विचारी, "दांडा पाहिलास का?" आम्ही दरवेळी पाहिला. बॉल, खिळी, साखळ्या, दिव्यांची वायर, टायर. हात लावून पाहिला, नुसत्या डोळ्यांनी नव्हे.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तुळजापूर आले. मंदिर खाली उतरत जाणाऱ्या पायऱ्यांवर आहे. आईला खुर्चीत बसवून चौघांनी उतरविले. गोमुख तीर्थाचे पाणी तिने डोळ्यांस लावले. ओटी भरताना तिचा हात थरथरत होता म्हणून नातवाने ताट धरले. ज्याच्यासाठी बोललेली ओटी त्यानेच ते धरावे, हे आम्ही योजलेले नव्हते. बाहेर आल्यावर आईने पहिली चौकशी केली ती खोलीची. कुणी हलविली तर नाही ना, म्हणून.

आता तिला जेजुरी हवी आहे. आम्ही म्हणालो, या वेळी पाणी अर्धेच घेऊ, वजन कमी. मेहुण्यांनी धारहून कळविले आहे की अर्धी टाकी वळणावर हिंदकळते, न्यायची तर भरलेली न्या, नाही तर रिकामी. आई भरलेलीच्या बाजूची आहे. परवा हाळी आला होता. त्याने अंगणातल्या खोलीचा दांडा एका हाताने उचलून पाहिला, उचलला नाही, आणि काही न बोलता शेतावर निघून गेला.