सोयरीक मोडली, आपण मोडायचे नाही

गेल्या वर्षावासातली गोष्ट. विहारातले ग्रंथवाचन संपले, बाया-माणसे घरी गेली. आमच्या कोल्हारच्या वस्तीतली एक मुलगी मात्र बसून राहिली. दोन वर्षांची ओळख, दोन्ही घरची संमती, साखरपुडाही झालेला. आणि मुलाने फोनवर कळवले की जमणार नाही. ती मला म्हणाली, "ताई, माझ्यात काय कमी होतं, तेवढं सांगा."

हाच प्रश्न २००४ साली मी स्वतःला विचारीत होते. माझेही लग्न असेच मोडले. पत्रिका छापून झाल्या होत्या. त्यांना चांगली नोकरी लागली आणि आमचे घर लहान वाटू लागले. आई म्हणे, "नशिबात नव्हतं." शेजारणी मयताला यावे तशा भेटायला येत. मी नुकतीच पतसंस्थेत क्लार्क लागले होते. कामावर जाताना प्रवरेचा पूल आला की पाण्याकडे बघण्याची मला भीती वाटे. रात्री ट्रंकेतली त्यांची पत्रे काढून माझी चूक शोधीत बसे.

पुढे थेरीगाथेत इसिदासी भेटली. उज्जैनच्या श्रेष्ठीची लेक, साकेतच्या घरी दिलेली. सगळ्यांआधी उठे, सासू-सासऱ्यांना वंदन करी, नवऱ्याची सेवा आईने लेकराची करावी तशी करी. तरी नवऱ्याला ती नको झाली. आईबापांनी कारण विचारले तेव्हा त्यालाही तिचा दोष सांगता आला नाही. असे तिच्या आयुष्यात तीन वेळा घडले. शेवटी ती भिक्खुणी झाली.

गाथेत पुढे मागच्या जन्मांतील पापाचा हिशेब येतो. तो मी बाजूला ठेवला. पूर्वजन्मीच्या कर्माचे ओझे माणसावर लादणारा विचार बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये नाकारला आहे. मला इतकेच कळले की कोणी आपल्याला सोडले, हा आपल्या दोषाचा पुरावा नव्हे. आणि ते नशीबही नव्हे.

आपल्यातल्याच शांताबाई कांबळे पाहा. १९४२ साली त्या सोलापूर जिल्ह्यात शिक्षिका झाल्या. नवऱ्याने दुसरी बायको केली तरी त्या खचून बसल्या नाहीत. नोकरी केली आणि निवृत्तीनंतर 'माज्या जल्माची चित्तरकथा' लिहिली.

एका रविवारी मी पत्रे चुलीत घातली. लगेच बरे वाटले असे नाही. त्या रात्री जास्तच रडले. पण संध्याकाळी वस्तीतल्या मुलांना गणित शिकवायला लागले. मुले वाट पाहत, म्हणून जावेच लागे. हळूहळू भूक लागू लागली, झोप येऊ लागली. दोन वर्षे गेली. मग एका जयंतीला ते समोर आले. मी हात जोडून जयभीम केला आणि पुढे गेले. घरी आल्यावर लक्षात आले, छातीत धडधडले नव्हते. लग्न मी त्यानंतर केले; दुःखावर औषध म्हणून नव्हे.

हे सारे त्या मुलीला सांगितले. तिच्या आईलाही सांगितले की घाईने दुसरे स्थळ पाहू नका, आणि "विसर आता" असे रोज म्हणू नका. पोरीजवळ बसा, तिला बोलू द्या, रडू द्या. ती मरणाची भाषा बोलू लागली तर एकटी सोडू नका. ताबडतोब डॉक्टरांना दाखवा. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. तिथे रात्री-अपरात्रीही बोलता येते. त्यात लाज कसली?

ती मुलगी आता संध्याकाळी माझ्याबरोबर मुलांना शिकवायला येते. अजून मध्येच गप्प होते. मी विचारीत नाही, शेजारी बसते. परवा मात्र एका पोराचे पाढे ऐकताना ती खळखळून हसली. तिची आई दारात उभी होती. तिने पदराने डोळे पुसले.