समासातले गुण

आईच्या निधनानंतर वडील आमच्याकडे राहू लागले. त्यांची अन्नावरची वासनाच उडाली होती. मला स्वयंपाक बेताचाच येत असे. म्हणून कमलाबाई ओगले यांचे, १९७० साली प्रसिद्ध झालेले ‘रुचिरा’ उघडले. त्यातील वाटी-चमच्याची मापे मला समजत. दर रविवारी मी एखादे सार करीत असे. वडील दहापैकी गुण देत आणि मी ते पुस्तकाच्या समासात लिहीत असे. आमसुलाच्या साराला चार मिळाले, शेरा होता, “गूळ कमी.” टोमॅटोच्या साराला सहा. वर्ष सरल्यावर होळीला पुरण शिजवले आणि डाळीच्या निथळलेल्या पाण्याची, म्हणजेच कटाची आमटी केली. वडिलांनी गुण सांगितले नाहीत. रिकामी वाटी पुढे करून ते म्हणाले, “अजून वाढ.” समासातील ती जागा मी कोरीच ठेवली आहे.