गोंगाटात ओळखीचा सूर

उर्दूत गुरुत्वाकर्षणाला कशिश-ए-सिक्ल म्हणतात. सिक्ल म्हणजे वजन, कशिश म्हणजे ओढ. मराठी शब्दाची फोड केली तरी हेच निघतं. दोन्ही भाषा शिकवणाऱ्या माणसाला अशा जोड्या सापडल्या की दिवसभर बरं वाटतं.

या ओढीच्याही लहरी असतात. दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरत आदळली की अवकाशच थरथरतं. पण ती थरथर इथवर येईतो इतकी क्षीण होते, की अमेरिकेतल्या लायगो यंत्राच्या चार किलोमीटर लांब बाहूत प्रोटॉनच्या शंभराव्या भागाइतकाही फरक पडत नाही. शिवाय जमिनीचे हादरे, समुद्राच्या लाटा, झाडं तोडणाऱ्यांची यंत्रं, जवळून जाणारी मालगाडी, सगळ्यांचा गोंगाट त्यातच मिसळलेला. आम्हा लोणावळेकरांना गाडीचं काही सांगायला नको.

मग ऐकायचं कसं? जुलैत आमच्या वर्गाच्या पत्र्यावर पाऊस कोसळत असतो. शेवटच्या बाकावरचा मुलगा कविता म्हणतो, चारातले दोन शब्द ऐकू येतात. तरी तो कुठल्या ओळीवर आहे हे मला कळतं, कारण कविता मला पाठ आहे. नवी असती तर नुसता पाऊसच ऐकला असता. दुसऱ्या महायुद्धात रडारसाठी निघालेली मॅच्ड फिल्टर नावाची युक्ती ही अशीच. लहर कशी असेल ते आधी गणिताने काढायचं आणि तो साचा गोंगाटावर सरकवत न्यायचा. जुळला तर तिथे काहीतरी आहे.

अडचण अशी की कृष्णविवरांची वजनं आपल्याला ठाऊक नसतात. म्हणजे कविता एक नाही, लाखो. साचे फार घेतले तर संगणक दमतो आणि खोट्या हाका वाढतात. कमी घेतले तर खरी हाक निसटते. मग किती घ्यायचे, एकमेकांपासून किती अंतरावर? पुण्याच्या आयुकात संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी या प्रश्नावरचा निबंध १९९१ साली छापला. तेव्हा लायगोच्या जागेवर कुदळही पडली नव्हती. यंत्र नाही, आवाज नाही, आणि हे दोघे ऐकायचं कसं ते ठरवत होते.

आपल्या जलशांत हजार वर्षांपूर्वीच्या शास्त्रज्ञांची नावं अभिमानाने घेतात. जरूर घ्यावीत. पण लोकलने शिवाजीनगरला उतरलं की विद्यापीठाच्या आवारातच आयुका आहे, तिथे मुलांना किती जण नेतात?

यंदा दहावीच्या एका मुलीने मला सांगितलं, हेच शिकायचंय. तिचे अब्बू चिक्कीच्या कारखान्यात आहेत. ते शाळेत आले. सगळं नीट ऐकून म्हणाले, "सर, पच्चीस साल काम किया और कुछ नहीं मिला तो?"

प्रश्न खराच आहे. पंचवीस नाही, पण चोवीस वर्षं लागलीच. मी त्यांना २०१०ची गोष्ट सांगितली. त्या सप्टेंबरात लायगोत एक सुंदर लहर दिसली. शेकडो लोक महिनोन्‌महिने तपासत बसले, निबंधही लिहून तयार केला. मार्च २०११मध्ये लिफाफा उघडला, तर लहर खोटी! हे लोक फसतात का, हे बघायला वरच्या दोन-चार जणांनी मुद्दाम घातलेली. आणि अशी परीक्षा होऊ शकते हे सगळ्यांना आधीपासून माहीत होतं, तरी काम तसंच केलं. खरी लहर आली १४ सप्टेंबर २०१५ला, १३० कोटी प्रकाशवर्षांवरून. दोन यंत्रांत सात मिलिसेकंदांच्या फरकाने उमटली, सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात संपली. तिची पहिली चाहूल साचे न वापरणाऱ्या दुसऱ्या पद्धतीला लागली. पण हा योगायोग नव्हे, हे छातीठोकपणे म्हणता आलं ते सुमारे अडीच लाख साचे लावून पाहिल्यावर.

पगार दरमहा होतो, हेही मी सांगितलं. त्यांना ते जास्त पटलेलं दिसलं.

मग मी हिंगोलीचं काढलं. तिथे औंढा नागनाथजवळ लायगोचं भारतातलं यंत्र व्हायचं आहे. एप्रिल २०२३मध्ये केंद्र सरकारने त्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले. नळ्या जोडायला, हवा काढायला, संगणकापुढे बसायला माणसं लागतील, आणि आपल्या महाराष्ट्रातच.

ते थोडा वेळ गप्प राहिले. मुलगी दाराशी उभी होती.

"हिंगोली पुना से कितना दूर पड़ता, सर?"