बोट ठेवून विचारा!

गेल्या रमजानमध्ये ईदच्या खरेदीचा जोर असतानाच आमच्या दुकानातले इंटरनेट रांगू लागले. आमचे कपड्याचे घाऊक दुकान. गावोगावचे दुकानदार व्हॉट्सअॅपवर मालाचे व्हिडिओ पाहून ऑर्डर देतात. व्हिडिओ काही केल्या जाईनात. तिसऱ्या दिवशी दोन जुन्या गिऱ्हाइकांनी दुसरीकडून माल उचलला.

कंपनीला फोन केला. उत्तर आले, "तुमचा एफयूपी संपलाय." आम्ही दोघे भाऊ पदवीधर, तरी "हो, बरं" म्हणून फोन ठेवला. अर्थ विचारायची लाज वाटली.

अब्बांना इंग्रजी येत नाही, पण लाजही वाटत नाही. त्यांनी कंपनीच्या माणसाला दुकानात बोलावले आणि करारातल्या एकेका शब्दावर बोट ठेवून विचारले, "बेटा, याचा अर्थ काय?"

तासाभरात आमचे डोळे उघडले. '१०० एमबीपीएस पर्यंत' यातला 'बी' म्हणजे बिट. फाइल मात्र बाइटमध्ये मोजतात आणि ८ बिटांचा एक बाइट होतो. म्हणजे सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट. अब्बा हसले, "भाव गजाचा होता, तुम्ही मीटर समजलात!" शिवाय 'पर्यंत' ही वरची मर्यादा, हमी नव्हे, कारण तीच लाइन इतर ग्राहकांतही वाटलेली असते.

पुढे कळले, १०० हा आकडा डाउनलोडचा, म्हणजे बाहेरून आपल्याकडे येणाऱ्या माहितीचा. पाठवण्याचा वेग म्हणजे अपलोड; तो आमच्या करारात फक्त २० होता. आमचा तर धंदाच पाठवण्यावर! एफयूपी म्हणजे पूर्ण वेगाने वापरायच्या डेटाची महिन्याची मर्यादा. ती संपली की वेग घसरतो. गोदामातले कॅमेरे रात्रंदिवस चित्रण इंटरनेटवरून साठवणीला पाठवत होते आणि आमचा कोटा खात होते.

'अपटाइम ९९.५ टक्के' वाचून आम्ही खूश झालो होतो. अब्बांनी हिशेब मांडायला लावला. ३० दिवसांचे तास ७२०; त्यांचा अर्धा टक्का म्हणजे ३ तास ३६ मिनिटे. महिन्यात एवढा वेळ लाइन बंद राहिली तरी करार मोडत नाही. त्याहून जास्त बंद राहिली तर भरपाई किती? त्या रकान्यात काहीच लिहिलेले नव्हते.

आता करार करताना आम्ही चार गोष्टी लिहून मागतो: अपलोड किती, मर्यादा किती आणि ती संपल्यावर वेग किती, बिघाड किती तासांत दुरुस्त होणार, न झाल्यास बिलातून किती वजा होणार. कॅमेऱ्यांसाठी लहानशी वेगळी लाइन घेतली.

त्या दोन गिऱ्हाइकांपैकी एक बकरी ईदला परत आले. दुसऱ्यांना अब्बा अजूनही नव्या मालाचे व्हिडिओ पाठवायला सांगतात. आता ते लगेच जातात.