क्रमांक १३४

मद्याविषयी या पृष्ठांत लिहावे की लिहू नये, या विचारात आम्ही दोन महिने घालविले. ज्या घरांत हे मासिक जाते तेथे ते आजीबाईंपासून नातवंडांपर्यंत सर्वांच्या हातून फिरते, हे आम्हांस ठाऊक आहे. शिवाय आमच्या राज्यात १९४९ सालचा दारूबंदीचा कायदा अद्याप पुस्तकात असून परवान्याच्या कागदावाचून घोट घेणारा आजही अपराधीच ठरतो. आमच्यापाशी तो कागद आहे, एवढे सांगून हकीकतीकडे वळतो.

गेल्या माघात आम्ही बीड जिल्ह्यातील धर्मापुरीस गेलो होतो. निमित्त केदारेश्वराच्या देवळाचे. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळचे हे देऊळ. त्याच्या बाहेरच्या भिंतीवरील सुरसुंदरी पाहण्यात सबंध सकाळ गेली. आमचे यजमान निवृत्त हेडमास्तर. गाव त्यांस गुरुजी म्हणते. आम्हीही तेच म्हणू. त्यांचा पुतण्या एडिंबरोस नोकरीस असतो, तोही त्या वेळी रजेवर आला होता. प्रवाशास परदेशातून दोन लिटरपर्यंत मद्य आणण्याची मुभा असते, हे ध्यानी घेऊन आम्ही त्यास गुरुजींच्या माघारी एक बाटली आणण्यास कळविले होते.

हे आम्ही करावयास नको होते. गुरुजींच्या घरात दारू हा शब्द उच्चारीत नाहीत. त्यांचे थोरले बंधू, म्हणजे या मुलाचे वडील, दारूपायी चाळिशीच्या आतच गेले आणि मुलगा काकांच्या हाताखाली वाढला. हे सारे आम्हांस माहीत होते. परंतु हौस माणसास किती आंधळे करते ते पाहा, बाटली घरात न नेता मळ्यात नेली म्हणजे झाले, असे आम्ही मनाशी ठरविले होते!

दुपारी विहिरीजवळच्या आंब्याखाली आम्ही दोघे बसलो. एवढ्यात काठी टेकीत गुरुजी आले आणि एक शब्द न बोलता बाजेवर बसले. मुलगा गोंधळला नाही. त्याने पिशवीतून पंचात गुंडाळलेली बाटली काढली. पंचाच्या फटीतून फक्त एक आकडा दिसत होता : १३४.

हा आकडा कशाचा, हे सांगितले पाहिजे. एकाच भट्टीघरात, केवळ मोड आणलेल्या जवापासून गाळलेल्या व्हिस्कीस सिंगल माल्ट म्हणतात. स्कॉटलंडात ती ओकच्या पिंपात निदान तीन वर्षे मुरवावी लागते. बहुतेक भट्टीवाले शेकडो पिंपे एकत्र करून, पाणी घालून, पुष्कळदा रंग चढवून, दरसाल एकच चव विकतात. पण काही पिंपे दुसरेच लोक विकत घेतात आणि आपल्या जबाबदारीवर बाटलीबंद करतात. अ‍ॅबर्डीनला १८४२ साली निघालेली केडनहेडची पेढी आणि एल्गिनचे १८९५ सालचे गॉर्डन अँड मॅकफेल हे किराणा दुकान ही या धंद्यातील जुनी घराणी. एडिंबरोत पिप हिल्स नावाच्या गृहस्थाने मित्रांत वर्गणी काढून ग्लेनफार्क्लासचे एक पिंप आणले, आणि त्या मैत्रीतून १९८३ साली स्कॉच माल्ट व्हिस्की सोसायटी जन्मास आली. ही मंडळी एका वेळी एकच पिंप भरतात, त्यात पाणी घालीत नाहीत, रंग घालीत नाहीत, आणि भट्टीघराचे नाव न छापता केवळ त्याचा क्रमांक छापतात. नाव वाचून जिभेने आगाऊ निकाल देऊ नये, हा हेतू. आम्हांस ही कल्पना फार आवडली. सकाळी पाहिलेल्या सुरसुंदरींवर तरी घडविणाराचे नाव कोठे होते?

या पेयासाठी तोंडाशी निमुळता होणारा पेला लागतो म्हणतात. आमच्यापाशी सरबताचे काचेचे तीन पेले होते. रंग मधासारखा. जिभेवर प्रथम चटका बसला, कारण अशा मद्याचा जोर बहुधा शेकडा पंचावन्नाच्या वर असतो. मुलाच्या सांगण्यावरून बोअरच्या पाण्याचे चार थेंब घातले. पाणी जड होते. तरी वास एकदम उघडला. मग आम्ही बोलू लागलो. समुद्रकाठचे धुके, भिजलेला खडक, दूर कोठे धुमसणारी शेकोटी, असे आम्ही पुष्कळ काही वर्णिले. आम्ही जन्मात स्कॉटलंड पाहिलेले नाही, हे वाचकांच्या सोयीसाठी येथेच नमूद करतो.

गुरुजी शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, “बघू.” आमच्या हातून पेला घेऊन त्यांनी तो नाकाशी धरला. ओठांस लावला नाही. बराच वेळ गेला.

“थंड मुलखाचा नाही हा वास,” ते म्हणाले. “गुऱ्हाळावर काकवी उतरवतात ना, तसा येतोय. मागून पिकलेल्या फणसाचा. हे उन्हात पिकलंय.”

आम्ही हसलो. मुलगा हसला नाही. त्याने पंचा सोडला. ‘१३४’ हे गोव्यातील कुंकळ्ळी येथील पॉल जॉनचे भट्टीघर! उत्तर हिंदुस्थानातील जव, तांब्याची भट्टी, आणि २०१२ साली प्रथम लंडनच्या बाजारात मांडलेला माल. गोव्याच्या उकाड्यात पिंपातील मद्य झपाट्याने मुरते आणि तितक्याच झपाट्याने उडून जाते. स्कॉटलंडात वर्षास शेकडा दोनच्या सुमारास उडते, त्यास ते ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात; गोव्यात हा वाटा शेकडा आठच्या आसपास पडतो. आमचे देवदूतही आमच्यासारखेच तहानलेले असावेत. गोव्याचे पिंप एडिंबरोच्या मंडळींनी निवडले आणि बाटली होऊन ते धर्मापुरीच्या मळ्यात आले. आणि आम्हांस त्यात धुके दिसले! काकवीचा वास थंड मुलखातील पिंपातही सापडतो, तेव्हा गुरुजींच्या उत्तरात योगायोगाचाही अंश असेल. पण ते नाकाचे ऐकून बोलले आणि आम्ही एडिंबरोचे नाव ऐकून.

“आपणांस हे कसे कळले?” आम्ही विचारले.

“दादा रात्री दारात आला की आई मला म्हणायची, जवळ जाऊन बघ,” गुरुजी म्हणाले. “मी दहा-बारा वर्षांचा. आज शिंदी, आज ठेक्यावरची, आज हातभट्टीची, असं येऊन तिला सांगायचो. हातभट्टीला सडक्या गुळाचा आणि नवसागराचा वास असतो. ती असली की आई रात्रभर जागी राहायची, श्वास चालू आहे ना ते बघत.”

आमच्या हातातील पेला आम्ही खाली ठेवला. चव उत्तम होती. ती खोटी म्हणणार नाही. पण पुढचा घोट घेववला नाही.

मुलाचा पेला तसाच भरलेला होता. तो काकांकडे न पाहता म्हणाला, “काका, मी तिकडे कधीमधी घेतो. आठवड्यातून एकदा, थोडी. बाहेरून कळण्यापेक्षा मीच सांगावं म्हणून ही आणली. यांचं निमित्त झालं.”

आमच्या हौसेस निमित्त हा शब्द लागलेला पाहून आम्ही ओशाळलो, आणि किंचित सुटल्यासारखेही वाटले. गुरुजींनी त्याचा पेला उचलला, वास घेतला आणि पुन्हा त्याच्यासमोर ठेवला. “घे,” म्हणाले, “सांगितलंस ना.” मुलाने दोन घोट घेतले. त्यानंतर बोलणे उसाच्या पाण्यावर गेले.

दिवेलागणीस आम्ही परतलो. गुरुजी पुढे गेले होते. मुलगा ओसरीवर पाय ठेवतो तोच ते पाण्याचा तांब्या घेऊन दारात आले. तांब्या देताना ते वाकले, अगदी त्याच्या तोंडाशी, आणि क्षणभर तसेच राहिले. मुलगाही हलला नाही. मग गुरुजी बाजूस झाले आणि आत वळून त्यांनी पाने वाढावयास सांगितली.