मारी रोलेच्या लेकी

क्वेबेकच्या जुन्या चर्चच्या दप्तरांत बाई लग्नानंतरही माहेरच्या नावानेच नांदते. मारी रोले आधी लुई एबेरची बायको होती, त्याच्या मागे गियोम उबूची झाली. तरी इतिहास तिला मारी रोले म्हणूनच ओळखतो. माझ्या पणजीचं माहेरचं नाव आमच्या घरात आज कुणालाही सांगता येत नाही. छापील कुलवृत्तांतात ती आहे, पणजोबांच्या ओळीत, सासरी ठेवलेल्या नावाने. म्हणूनच असेल, या परक्या बाईचा माग काढताना मला एक वेगळीच ओढ लागली.

मारी पॅरिसची. नवरा औषधं बनवणारा, पण जीव मातीत अडकलेला. कॅनडाची किनारपट्टी त्याने आधीच पाहिलेली होती. १६१७ मध्ये व्यापारी कंपनीने वर्षाला ६०० लीव्र कबूल केले, म्हणून पॅरिसचं घरदार मोडून ही माणसं ओंफ्लर बंदरावर आली. तिथे त्यांना रक्कम निम्म्यावर आल्याचं कळलं. मागे घर उरलं नव्हतं. आन, गियमेत आणि गियोम या तीन मुलांना घेऊन मारी जहाजावर चढली. त्या वेळी तिच्या मनात काय होतं, हे एकाही कागदावर नाही. करार झाला तो नवऱ्याशी.

पुढचं फार भराभर घडतं. आन बाळंतपणात गेली. १६२१ मध्ये गियमेतचं गियोम कुयारशी लग्न झालं. १६२७ च्या जानेवारीत बर्फावर घसरून पडल्याचं निमित्त झालं आणि लुई गेला. दोन वर्षांनी इंग्रजांनी क्वेबेक घेतलं. बहुतेक फ्रेंच माणसं मायदेशी परतली. मारी लेक-जावयासह तिथेच राहिली. इथे मी दरवेळी थांबते. परतायची वाट तेव्हा उघडी होती. पण कसलेली जमीन इथे होती, आनची माती इथे होती, गियमेतची मुलं इथेच वाढत होती. फ्रेंच परत येईपर्यंत तीन वर्षं तिने परक्या झेंड्याखाली काढली.

ती जमीनही मुळात दुसऱ्यांची होती. नदीकाठी इन्नू लोकांचा वावर होता. त्यांच्या मुलींना मारी घरी ठेवून शिकवी. इंग्रजांनी आणलेला एक आफ्रिकन मुलगा १६३२ मध्ये कुयारांकडे आला, गुलाम म्हणून. त्याचा बाप्तिस्मा झाला आणि नाव ठेवलं ऑलिव्हिए ल जन. १६५४ मध्ये तो वारला. आईने ठेवलेलं त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. मारीच्या घराविषयी लिहायचं तर त्या घरातला हा मुलगा मला वगळता येत नाही.

शोधाच्या वाटेवर दोन आगी लागतात. १६४० मध्ये क्वेबेकचं चर्च जळालं, दप्तरं गेली. मग गावातल्या माणसांना विचारून, आठवतील तशी लग्नं आणि बारशी पुन्हा लिहिली गेली. कोण कुणाची लेक, कोण कुठल्या साली उजवली, हे सांगणाऱ्यांत बायकांचे आवाज असणारच असं मला वाटतं. अशा गोष्टी बायकांच्या लक्षात राहतात. दुसरी आग पॅरिसची, मे १८७१ ची. कम्यूनच्या धुमश्चक्रीत तिथली शतकांची चर्चची दप्तरं राख झाली. त्याच वर्षी इकडे सिप्रियें तांगे या पाद्र्याने फ्रेंच कॅनडातल्या घराण्यांच्या वंशकोशाचा पहिला खंड छापला. सात खंडांचं हे काम १८९० पर्यंत चाललं.

या वंशकोशात मी आधी एबेर नावाचा धागा धरला. मारीचा मुलगा गियोम १६३९ मध्ये गेला. त्याचा मुलगा जोसेफ १६६१ मध्ये इरोक्वॉ लोकांच्या हाती सापडला, परतला नाही. एबेर नाव तिथेच खुंटलं. मग जोसेफची बहीण फ्रांस्वाज धरली आणि पानं भरू लागली. गियमेतची तर दहा मुलं. १६८४ मध्ये ती वारली तेव्हा तिच्या वंशात दोनशेहून अधिक माणसं झाली होती, आणि त्यांतल्या कुणाच्याही आडनावात रोले नव्हतं, एबेरही नव्हतं.