बुलेट निघाली माहेरी!

मोटारसायकलवर मागे बसून तुम्ही कधी दीडशे किलोमीटर गेला आहात? माझा पुतण्या उद्या जाणार आहे. तो तेरा वर्षांचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत कऱ्हाडहून आमच्याकडे लंडनला आलाय. आल्यापासून स्वारी जरा गप्पच होती. काल कारण कळलं. घरामागच्या पडवीत आजोबांची जुनी बुलेट गोणपाटाखाली उभी आहे. इंजिन जाम, टाकीला गंज. दादा ती भंगारात द्यायची म्हणतोय.

मी म्हटलं, "चल, तुला जुन्या गाड्यांचं एक गाव दाखवतो." हे 'गाव' म्हणजे बर्मिंगहॅमजवळचं नॅशनल मोटरसायकल म्युझियम. १९८४ साली ते सुरू झालं. आज तिथे आठशेहून अधिक मोटारसायकली आहेत, आणि सगळ्या ब्रिटनमध्येच बनलेल्या.

टेबलावर नकाशा पसरला. पहिला प्रश्न, जायचं कसं? मोटरवेने लवकर पोचतो. पण माझी बुलेट साडेतीनशे सीसीची, चेन्नईत बनलेली. भरधाव ट्रकांच्या रांगेत तिची दमछाक होते. म्हणून आम्ही जुना रस्ता निवडला, वॉटलिंग स्ट्रीट! रोमन सैनिकांनी बांधलेला हा रस्ता जवळजवळ दोन हजार वर्षांचा आहे. आज त्याच्या मोठ्या भागाला ए-५ म्हणतात. डन्स्टेबल, टोस्टर करत वीडनला पोचायचं, तिथून डावीकडे वळून कॉव्हेंट्री गाठायची. अंतर शंभर मैलांच्या आसपास, म्हणजे साधारण १६० किलोमीटर. दर तासाला थांबा, चहा आणि पाय मोकळे. म्हणजे चार-साडेचार तास धरायचे. "काका, एवढा वेळ?" पुतण्याने विचारलं. म्हटलं, "बाबा रे, मागे बसणाऱ्याची पाठ चालवणाऱ्याच्या आधी दुखते!"

मग तयारी. इथे मागे बसणाऱ्याला वयाची अट नाही. पण दोन्ही पाय फूटरेस्टवर नीट टेकले पाहिजेत. ते टेकले. हेल्मेट मात्र अडलं. माझं जुनं हेल्मेट त्याच्या डोक्यावर हलत होतं. तो म्हणाला, "चालेल की, पट्टा घट्ट बांधतो." मी साफ नाही म्हटलं. सैल हेल्मेट पडताना आधी निसटतं. नवीन हेल्मेट मिळालं नसतं, तर सहल रद्द झाली असती. संध्याकाळी दुकानात चार हेल्मेटं घालून पाहिली, तेव्हा एक बरोबर बसलं. रेनकोट, जाड हातमोजे, पाना, जादा प्लग, सगळं पिशवीत गेलं.

रात्री वाटेतली गावं पाहू लागलो. कॉव्हेंट्री! तिथे ट्रायम्फ मोटारसायकलचा कारखाना होता. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी शहरावर बॉम्ब टाकले आणि कारखाना उद्ध्वस्त झाला. १९४२ साली तो जवळच्या मेरिडन गावात पुन्हा उभा राहिला आणि १९८३ पर्यंत चालला. मेरिडनहून म्युझियम अगदी जवळ.

आणि आमची बुलेट? तिचं माहेर रेडिच, म्युझियमपासून फार लांब नाही. रॉयल एनफिल्डने पहिली मोटारसायकल १९०१ साली बनवली. १९५५ साली मद्रासला बुलेटची जुळणी सुरू झाली. १९६७ साली रेडिचचा कारखाना बंद पडला. पण मद्रासला बुलेट बनतच राहिली आणि १९७७ साली तिथून इंग्लंडलाच विकायला आली! म्हणजे लेकीने माहेरचं नाव राखलं म्हणायचं.

शेवटी म्युझियमचीच गोष्ट सांगितली. १६ सप्टेंबर २००३ ला तिथे आग लागली. कारण काय, तर नीट न विझवलेली एक सिगारेट. कर्मचाऱ्यांनी आणि तिथे आलेल्या लोकांनी तीनशेहून अधिक गाड्या बाहेर काढल्या. तरी ३८० गाड्या जळाल्या.

"मग?" पुतण्या सरसावून बसला.

"मग कारागीर कामाला लागले. डिसेंबर २००४ मध्ये म्युझियम पुन्हा उघडलं, तेव्हा दीडशेहून अधिक गाड्या पुन्हा पहिल्यासारख्या झाल्या होत्या. छताला आग विझवणारे पाण्याचे फवारेही बसवले होते."

तो बराच वेळ नकाशाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "काका, जळालेली गाडी नीट होते, तर आजोबांची गंजलेली का नाही होणार?"

मी खोटं बोललो नाही. "होईल. पण पैसे लागतील, दोन-तीन वर्षं लागतील, हात काळे करावे लागतील. तयारी आहे?"

त्याने उत्तर दिलं नाही. माझा फोन उचलला आणि कऱ्हाडला लावला. "बाबा, भंगारवाल्याला एवढ्यात बोलवू नका. मी आलो की आधी टाकीचा गंज काढणार आहे. मी स्वतः."

पलीकडून दादाचा आवाज आला, "आधी म्युझियम तर बघून ये. मग बोलू. आणि हेल्मेट घाल रे!"

सकाळी सात वाजता निघायचंय. पुतण्या नवीन हेल्मेट उशाशी घेऊन झोपलाय.